पालथा वीर

१५ डिसेंबर २००३
आणि हो, वीटभट्टी सोडली तीही माझीच चूक, असं दादा अजून म्हणतोच. म्हणू दे. बीडहून निघताना म्हणाला, पंधरवड्यात तोंड पाडून परत येशील. नाही येणार. इथं पोलादपूरच्या वर डोंगरात झकास काम लागलंय. वर मोठा सडा आहे, उघडा कातळ. त्याच्या पोटात बॉक्साईट आहे का, ते मशीननं भोक पाडून बघणार. पण त्याआधी तिथं जुनं काही आहे का ते तपासायचं. आम्ही रांग धरून, मान खाली घालून चालायचं. खापर, घडीव दगड, काहीही दिसलं की लाल झेंडी रोवायची. झेंडी लागली की तिथं मशीन येत नाही. तपासणीवरचे आमोद सर पुण्याचे. शिव्या देत नाहीत, हेच नवल.

जेवण खालच्या वाडीत, प्रयागबाईच्या ओट्यावर. तांदळाची भाकरी आणि सुकट. मी आमच्या बाजरीचं कौतुक केलं तर म्हातारी म्हणाली, ती खाऊनच असा काळा पडलास काय रे?

२३ डिसेंबर
आज अवस. प्रयागबाईनं बाटलीत तेल दिलं. सड्यावर करवंदीच्या जाळीशी त्यांच्या घरचा वीर आहे, कुठल्याशा लढाईत पडलेला. दर अवसेला घरच्या बाईनं दगडातल्या त्याच्या तोंडाला तेल लावायचं, मगच जेवायचं. गुडघ्यानं आता चढवत नाय म्हणाली. तू लेकासारखा हायस, तूच लाव. येऊन सांगितलंस की मी घास घेते.

वीराचा दगड माझ्याच रांगेच्या वाटेत निघाला. तलवार घेतलेला माणूस, वर चंद्र-सूर्य. झेंडी हातातच होती. पण मशीनचा मुकादम रघुवीर सकाळीच बोलला होता, सडा मोकळा निघाला तर तुला मशीनवर कायमचा घेतो, नाहीतर सगळ्यांनीच बिछाने गुंडाळा. दादाचं हसणं डोळ्यासमोर आलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. पहार घातली, दगड पालथा केला. पाठ साधीच, कुठल्याही दगडासारखी. तेल जाळीत ओतलं. सरांना सांगितलं, इकडं काही नाही.

खाली आलो तेव्हा ती उपाशीच बसलेली. लावलं म्हणालो. तिनं हात जोडले आणि ताट ओढलं.

२६ डिसेंबर
मी उताणा झोपणारा माणूस. रोज सकाळी पालथा उठतोय. तोंडात लाल माती, दातांत करकर. पोरं हसतात, म्हणतात बाजरी मिळेना म्हणून गडी जमीन खातोय. प्रयागबाईलाही भाताला मातीची चव येते. तांदूळ पुन्हा पुन्हा धुतले म्हणे. माझ्याकडं बघून विचारलं, तोंडालाच लावलंस ना रे तेल?
हो म्हणालो.

२ जानेवारी २००४
भर दुपारी ती ओट्यावर पालथी पडलेली. सुनेनं उताणी केली. एक श्वास घेतला, आणि आमच्या देखत परत पालथी झाली. झोपेत कूस बदलतात तशी नाही. आधी एक अंग वर उचललं गेलं, जरा अडलं, मग धप्पकन — खाली पहार घातल्यासारखं. मी असाच — अगदी असाच —
सर म्हणाले झटका असेल, महाडला दवाखान्यात न्या. जीपमध्येही पालथीच.

५ जानेवारी
डॉक्टरांना काही सापडलं नाही. घरी आणलीय. श्वास बारीक.
वीर सुलटा करायला वर गेलो. जाळी तोडलेली. दगड जाग्यावर नाही. मशीनच्या पायाखाली द्यायला सपाट दगड हवा होता, रघुवीर म्हणाला, हा साधाच होता, बरा सापडला. वर सगळं मशीन उभं.
एक वाक्य बोलायचं होतं. सर समोरच होते. रघुवीरनं नवं हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं, म्हणाला, आता तू आमचा.
मी पट्टा हनुवटीखाली आवळला.

८ जानेवारी
गेली.
मशीन चालू होतं. भोकात पाणी मीच सोडत होतो — तेव्हाच. तोंडात चिखल निघाला म्हणे. तिरडीवर उताणी राहिना. शेवटी पालथीच बांधली. सून रडली नाही. नुसती माझ्याकडं —

शनिवार
पालथाच लिहितोय. वळता येत नाही. तोंड उघडलं की माती —
सर, दगड मशीनच्या डाव्या पायाखाली आहे. मीच घातला पालथा. काढा तो. आधी मशीन —
जीप खाली निघालीय. ड्रायव्हरला हा कागद आणि पगार देतो. आईला नको. प्रयागबाईच्या सुनेला द्या, दिवस घालायला लागतील. घेणार नाही ती. तरी — अठराशे रुप—