बाबांना थडग्यात झोप लागली त्याची हकीकत

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सर्व ठीक आहे (असं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू खुर्चीतच राहशील).

आई गेल्यापासून बाबांना झोप नाही, हे तुला ठाऊकच आहे. रात्रभर घरात फेऱ्या मारतात आणि सकाळी मलाच विचारतात, तू का जागा होतास. डॉक्टर म्हणाले, त्यांना चालवा, दमवा. म्हणून रविवारी डोंगरातलं ते अश्मयुगातलं थडगं बघायला नेलं. चढताना दमलो मी. वर पोहोचून बघतो तर तीन बाजूंना उभ्या शिळा, त्यांच्यावर खोलीच्या छताएवढी एक आडवी, आणि आत माणूस जेमतेम आडवा होईल एवढी जागा. तिथला राखणदार मोठ्या अभिमानाने म्हणाला की वरची शिळा हजारो वर्षांत हललेली नाही. ताई, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. हजारो वर्षं जिचं सर्व्हिसिंग झालेलं नाही अशा वस्तूखाली मी डोकं घालत नाही. (अडकलेल्यांना ‘घाबरू नका’ असं मी नेहमी बाहेरूनच सांगतो.) बाबा मात्र वाकून आत शिरले.

बराच वेळ झाला तरी आतून आवाज येईना. हाका मारल्या, ओ नाही. थडग्यात निपचित पडलेल्या बापाला हाका मारायच्या म्हणजे काय, ते तुला कसं सांगू? तसाच रांगत आत गेलो, नाकाशी हात धरला, आणि बाबा घोरायला लागले. किती महिन्यांनी ऐकलं ते घोरणं! मग उठवायचा धीर होईना. वरच्या शिळेवर नजर ठेवून ऊन उतरेपर्यंत उकिडवा बसून राहिलो. राखणदार मधूनमधून डोकावत होता. शेवटी त्याने हळूच विचारलं, कुणाला कळवायचंय का.

जागे झाल्यावर बाबा म्हणाले, “पाठीला भिंत लागली रे. तुझी आई मला सगळा जन्म भिंतीकडेच ढकलत आली.”

आई गेल्यावर बाबांसाठी ऐसपैस पलंग मीच आणला होता आणि हवा खेळती राहावी म्हणून खोलीच्या मधोमध मांडला होता. घरी आल्याबरोबर तो भिंतीला लावला. तरी रात्री फेऱ्या चालूच. भिंत आहे, पण दुसऱ्या बाजूला मैदान पडलंय, म्हणाले.

बाकी काळजीचं कारण नाही.

तुझा धाकटा

ता. क. : आईबाबांची जुनी अरुंद खाट तुझ्याकडे आहे, ती परत पाठव. तू ती आठवण म्हणून नेलीस, मागायला जीभ रेटत नव्हती, म्हणून एवढं पत्र लिहिलं. मी मागितली असं बाबांना सांगू नकोस, घरात अडचण होते म्हण.

पुन्हा ता. क. : घाई कर. येत्या रविवारी परत तिथेच जायचं म्हणून बाबांनी उशा काढून ठेवल्या आहेत. दोन. दुसरी कुणासाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही.