द्वितीय वर्षापर्यंत

कोल्हार,
शनिवार, १७ जानेवारी २०२६

प्रिय जयाताई,

अंगदचा नमस्कार. भाऊजींना आणि सासूबाईंनाही सांग. मागच्या आठवड्यात तिळाचे लाडू मिळाले, एकही फुटला नव्हता. त्याच डब्यात तू ठेवलेला माझा लग्नाचा बायोडेटाही मिळाला. ‘तपासून लगेच पाठव, निकिताच्या घरी द्यायचा आहे,’ असं तू लिहिलंस, मग तीनदा फोन केलास, आणि तिन्ही वेळा मी ऑफिसात गर्दी आहे म्हणालो. गर्दी नव्हती. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे. आधी इकडचं सांगतो.

आमच्या कॉलेजने यंदा एक योजना काढली. ज्या माजी विद्यार्थ्याचा धंदा आहे, त्याने कॉलेजच्या एका खेळाडूचा फोटो आपल्या मालावर छापायचा आणि त्याबदल्यात त्या खेळाडूचा वर्षभराचा खुराक, बूट आणि स्पर्धांचा प्रवास बघायचा. पहिला करार राजनंदिनीचा ठरला. ही पाथर्डीकडची मुलगी, वेटलिफ्टिंगमध्ये विद्यापीठात पहिली आली. आईवडील ऊसतोडीला गेलेले. खुराकाची सोय झाली नाही तर खेळ सोडून तीही तिकडे जाणार होती. करार करणारे होते देवळाली प्रवराचे आबासाहेब. त्यांचा पशुखाद्याचा कारखाना आहे, म्हणजे तिचा फोटो पेंडेच्या पोत्यावर येणार.

मुलींनी तिला चिडवलं, “नंदे, आता म्हशी तुझं दर्शन घेऊन खानार!”

ती म्हणाली, “खाऊ द्या की. म्हशी तुमच्यावानी माघारी तरी बोलत न्हाईत.”

स्वागताच्या फ्लेक्सचा मजकूर माझ्याकडे होता. प्राचार्य सर म्हणाले होते, प्रत्येक पाहुण्याच्या नावापुढे शिक्षण आणि वर्ष टाक, पण जुनं रजिस्टर बघूनच. मी बघितलं. आबासाहेबांना सगळा तालुका बी.ए. म्हणतो. रजिस्टरात मात्र दुसऱ्या वर्षानंतर त्यांचं नाव कमी केलेलं. मी तीनदा बघितलं. सर पुण्याला गेले होते, विचारणार कोणाला? मग मी लिहिलं, ‘मा. आबासाहेब, माजी विद्यार्थी (द्वितीय वर्षापर्यंत)’, आणि छापायला पाठवलं. खरं सांगतो, मला तो कंस नीटनेटका वाटला होता.

गुरुवारी सकाळी गेटवर फ्लेक्स चढला आणि सरांनी तो वाचला. “अंगद, अरे हे काय करून ठेवलंस?” एवढंच ते म्हणाले, तोवर मागे आबासाहेबांची गाडी येऊन थांबली होती. शिडी परत गेली होती, फ्लेक्स उतरवायची सोय नव्हती. राजनंदिनी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “दादा, बॅग भरू का मी?”

आबासाहेब उतरले. चष्मा पुसून त्यांनी सगळं वाचलं.

“कुनी लिवलं हे?”

“मी.”

“कशावरनं?”

“रजिस्टरवरून.”

“दुसऱ्या वर्षी काय झालं, तेबी हाय का त्यात?”

“नाही. नाव कमी केलं, एवढंच आहे.”

ते हसायलाच लागले. “इंग्रजीत उडालो हुतो. तीस वर्षं लोकं बी.ए. म्हनत्यात आन मी गप बसतो. दर सत्काराला वाटतं, आता कुनीतरी उठून इचारतंय. सर, ह्या पोराला काय बोलू नका. सुटलो मी.”

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी तिथेच सही केली. राजनंदिनीला म्हणाले, “आमची पेंड चालू कर, दोन पोती एका दमात उचलशील.” ती म्हणाली, “पेंड म्हशींना द्या आबा, मला अंडी द्या.” सगळ्यात मोठ्याने सरच हसले.

पुढे माइकवरही आबासाहेबांनी नापास झाल्याचं सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर टेम्पोवाले बन्सीशेठ माझ्या टेबलाशी आले. “मी तर पयल्याच वर्षी गेलो. मला वाटलं, आपन कॉलेजचे कुनीच न्हाई. माजं नाव लिव, आन टेम्पोच्या मागं खोखोच्या पोरींचा फोटो लाव.” कालपर्यंत असे सात जण आले. आजवर त्यांना कॉलेजचं एकही पत्र गेलेलं नव्हतं.

आता बायोडेटा.

त्यात तू एकच गोष्ट चुकीची लिहिली आहेस, शिक्षण बी.ए., आणि ती चूक तुझी नाही. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा वाचून दुरुस्त करत बसलो आणि घंटा झाली. दुसऱ्या पेपरलाही तेच. पुढच्या पेपरला गेलोच नाही. त्यानंतर कॉलेजच्याच ऑफिसात रोजंदारीवर लागलो. तुला वाटलं, पदवी मिळाली म्हणून नोकरी लागली. तू फोनवर “पास झालास ना रे?” विचारलंस, मी “हो” म्हणालो. त्याहून जास्त खोटं बोलावं लागलंच नाही. तू ब्लाउज शिवून माझी फी भरली होतीस आणि गल्लीत पेढेही तूच वाटलेस.

आबासाहेबांच्या नावापुढे कंस टाकताना माझा हात अडला नाही. तुझ्या कागदावर मात्र आठ दिवस पेन उघडून बसलो होतो. आज ‘बी.ए.’ खोडून ‘बारावी उत्तीर्ण’ लिहिलं, आणि नोकरीपुढे ‘रोजंदारी’. कागद सोबत आहे. तो निकिताच्या घरी द्यायचा की नाही, ते तू ठरव. नाही म्हणाले तर मला वाईट वाटेल, पण भीती वाटणार नाही.

बन्सीशेठचा टेम्पो आज तुमच्या मिरजगावला येतो आहे, त्यांच्याकडे हे पत्र देतो. मी उद्या पहिल्या गाडीने निघेन. तुझा पहिला राग कागदावर निघावा, म्हणून पत्र एक दिवस आधी. सासूबाईंना मीच सांगणार, तू एकटी त्यांच्यासमोर उभी राहू नकोस.

हे पत्र पुन्हा वाचून बघितलं तर मी ते पाठवणार नाही, म्हणून न वाचताच पाकीट बंद करतो आहे.

कान धरशील, पण दार उघडशील, या भरवशावर,
तुझा
अंगद