घरावरचं नाव

लंडन, ऑन्टॅरिओ
सोमवार, २४ मार्च २०२५

चि. धम्मप्रिया,

सप्रेम जय भीम.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून हाताने लिहून फोटो पाठवते आहे. इकडचं बर्फ बरंच वितळलं. ड्राइव्हवेच्या कडेला एक काळा ढीग तेवढा उरलाय. तुमची कनाटाच्या नव्या घरी जायची बांधाबांध कुठवर आली?

तुझे निरोप ऐकले. शेवटच्यात तू म्हणालीस, "काकू, तुम्हाला पाठवलेला चेक वटून महिना होत आला. शुक्रवारी क्लोजिंग आहे, घराचा ताबा द्यायचाय. घरावर लीनचा बोजा असताना गिऱ्हाईक थांबणार नाही, आणि कनाटाचं घर याच पैशावर घ्यायचंय. मी काय तुमचे पैसे बुडवलेत?"

नाही गं. बुडवले त्या कंत्राटदाराने. तू त्याला सगळे दिलेस, त्याने राकेशला जिन्याचे दिले नाहीत. दर हप्त्यातले दहा टक्के मालकाने मागे ठेवायचे असतात, राकेशसारख्यांसाठी, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, कायद्याने तुझ्यावर त्या दहा टक्क्यांपुरतीच जबाबदारी होती. तू मात्र राकेशची पूर्ण रक्कम पाठवलीस. त्याचे आभारही मी अजून मानले नाहीत.

लीन का उतरत नाही, याला मी तुला आधी गुडघ्याचं कारण सांगितलं, मग वकीलबाई रजेवर आहेत म्हटलं. त्या रजेवर नव्हत्या.

डिसेंबरात राकेशने तुला फोन केला, तेव्हा तो माझ्यासमोर जेवत होता. स्पीकर चालू होता. काम संपल्यापासून साठ दिवसांत लीन नोंदवावं लागतं, नाहीतर हक्क जातो, असं तो तुला समजावत होता. तू चिडलीस. "घर माझं, पैसे मी भरले, आणि नाव तुझं लागणार?"

तो म्हणाला, "ताई, जिना माझा आहे ना अजून. रोज त्यावरून फुकट चढताय."

तू हसलीस आणि फोन आपटलास. तो पण हसला. मला म्हणाला, "आई, पैसे बुडवणारा पळतो. घर पळत नाही. म्हणून नाव घरावर लावायचं. पैसे आले की काढायचं, बास."

जानेवारीत हायवेवर काळ्या बर्फावरून त्याची व्हॅन घसरली. पुढचं तुला माहीत आहे. तू आलीस, शेवटच्या रांगेत उभी राहिलीस, मी पाहिलं होतं.

नंतर त्याचा फोन बंद केला. बँकेचं खातं बंद केलं. लायसन्स परत पाठवलं. प्रत्येक ठिकाणी लोक चांगले बोलले आणि नाव काढून टाकलं. व्हॅनवरचं नाव व्हॅनबरोबर गेलं. मग कंपनीची दुसरी डिरेक्टर म्हणून तुझ्या घराचा कागद माझ्याकडे आला. त्यावर 'राकेश वाहुळे स्टेअर्स' असं स्वच्छ छापलेलं होतं. सरकारी नोंदीत, तुझ्या घराच्या खाली. वकीलबाई म्हणाल्या, इथे सही केली की लीन उतरेल. मी पेन घेतलं आणि परत ठेवलं. त्यांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते. असं तीनदा झालं.

त्यांनी हेही सांगितलं की सही नाही केली आणि कोर्टात दावा नाही लावला, तरी एप्रिलच्या मध्यात ते आपोआप संपेल. म्हणजे मी धरून ठेवलं तरी ते राहणार नव्हतंच. फक्त तुझं घर अडणार होतं. राकेशला हे आवडलं नसतं. तो तुला ताई म्हणायचा.

आज सकाळी सही केली. दुपारपर्यंत नोंद उतरेल असं त्या म्हणाल्या. तुझ्या वकिलाला कळवायला सांग.

एक मागणं आहे. तो मला सारखं म्हणायचा, "आई, ताईकडचा जिना बघायला चल. ओकचा आहे, एकही पायरी वाजत नाही." मी म्हणायचे, बर्फ कमी झाल्यावर जाऊ.

गुरुवारी बसने येईन. चहा वगैरे करू नकोस, तुझी भांडी बांधून झाली असतील. मी एकदा वर जाईन आणि कठड्याला धरून खाली येईन. मग घर त्या लोकांचं.

नको म्हणालीस तरी सही मागे घेणार नाही.

त्या कागदावर डिरेक्टर असं लिहिलं आहे. इथे लिहिते,

राकेशची आई,
प्रभा