टिनाखालच्या अकरा कोंबड्यांबाबत

मी, पुंजाजी किसनजी अंभोरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त अर्जनवीस, राहणार मौजे पळसखेडी, तालुका बाळापूर, जिल्हा अकोला, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या मागे घराचे, सामानाचे आणि उरलेल्या तीन कोंबड्यांचे काय करायचे ते यात आहे.

इथे 'माझे शरीर व मन स्थिर असून' असे लिहायची रीत आहे. तहसीलीसमोर टेबल टाकून एक्केचाळीस वर्षे मी लोकांची मृत्युपत्रे लिहिली, आणि हे वाक्य समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न पाहता लिहीत गेलो. आज स्वतःवर पाळी आली तर पेन पुढे सरकत नाही. डोके जागेवर आहे. कोणी दारू पाजलेली नाही, कोणाचा दाब नाही. पण मन स्थिर आहे असे मी लिहिणार नाही, ते खोटे होईल. तीस एप्रिलला मला जो हादरा बसला, त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

कलम १. रस्त्यावरचे तीन खोल्यांचे घर व मागचे आवार मुलगा संघपाल (अकोला) आणि मुलगी माया (अमरावती) यांना निम्मे-निम्मे. विकायचे झाल्यास दोघांनी मिळून विकावे. हा प्लॉट मी १९९१ साली बौद्ध वस्ती सोडून घेतला, तेव्हा गावात कुजबुज झाली होती. शेजारचा नत्थुजी ताथोड मात्र काही बोलला नाही. पायव्याला लागणारे पाणी त्याने आपल्या टाक्यातून दिले. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे याच माणसाविरुद्ध मी पंचायतीत पानेच्या पाने वाईट लिहिले आहे.

कलम २. माझा मराठी टाइपरायटर संघपालने ठेवावा. भंगारवाल्याला देऊ नये. 'क्ष' उठत नाही, तो मी हाताने काढतो.

कलम ३. माझी पत्नी केशरबाई फेब्रुवारी २०२३ मध्ये वारली. तिचा पाटा-वरवंटा, तिची पितळी परात आणि भिंतीवरचा तिचा फोटो मायाकडे जावा. केशरला लिहिता येत होते, पण ती लिहीत नसे. मी घरातही 'सदरहू' आणि 'उपरोक्त' बोलायचो, तर ती म्हणायची, "तुमी माणसासंग बोलून राह्यले का कागदासंग?" मला तो विनोद वाटायचा.

कलम ४. कोंबड्या. एका कोंबड्यासह चौदा होत्या. माझ्या नव्हत्या, केशरच्या होत्या. दिवसभर आवारात, रस्त्यावर, नत्थुजीच्या आवारात मोकळ्या फिरायच्या आणि दिवस मावळला की कडुलिंबावर चढून बसायच्या. पाच वाजता केशर ज्वारी टाकून हाक मारायची, "या वं बायाहो!" आणि असतील तिथून सगळ्या धावत यायच्या. केशर होती तोवर एक तक्रार नव्हती. ती गेली आणि ज्वारी टाकायचे माझ्या ध्यानात राहीना. कधी टाकायचो, कधी दोन दिवस विसरायचो. भुकेली कोंबडी करणार काय? नत्थुजीच्या वाफ्यातला सांबार, म्हणजे कोथिंबीर, उकरायला लागली.

नत्थुजी आधी तोंडानेच बोलायला आला होता. "पुंजाजी, तुमच्या कोंबड्याइनं सांबार ठेवला नाई. पाहा ना जरा." मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. म्हणालो, "जे काय असेल ते लेखी द्या." त्याने बिचाऱ्याने पंचायतीत दहा ओळींचा अर्ज दिला. मी चार पानांचे उत्तर दिले. असे दोन वर्षांत तीनदा झाले. दुसऱ्या उत्तरात मी कळवले की, सामाईक भिंतीच्या बुडाशी असलेले भोक मी विटा-सिमेंटने बुजवले आहे, आणि सोबत फोटो जोडला. ही गेल्या दिवाळीची गोष्ट. भोक बुजले तर कोंबड्या रस्त्याने फिरून जायला लागल्या आणि तिसरा अर्ज आला.

संघपाल म्हणाला, "बाबा, एकतर कोंडा, नाईतर देऊन टाका कोनाले. या वयात कोंबड्याइपायी भांडून राह्यले." मायाने सोय काढली. तिच्या शाळेतल्या रागिणी मॅडमची वरूडकडे संत्र्याची बाग आहे. चौदाही तिथे घेणार होते, रविवारी गाडी येणार होती. मी हो म्हटले. त्याच संध्याकाळी मास्तरीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मास्तरीण म्हणजे केशरची पांढरी कोंबडी, सगळ्यांच्या पुढे चालते म्हणून ते नाव. केशर भाकरी करताना ती तशीच येऊन उभी राहायची. मी गाडी रद्द केली. देणे जिवावर आले, आणि मोकळे ठेवले तर चौथा अर्ज येणार, म्हणून कोंडायचे ठरवले. विचार करून ठरवले. तो विचार केलेला आहे हेच मला आता सहन होत नाही.

बाळापूरहून पिंजरा करून आणला. वर टीन, खाली सिमेंट, पाठ पश्चिमेच्या भिंतीला, बाकी जाळी. वेल्डर म्हणाला होता, "काका, टिनावर कुटार टाका जाड, नाईतर लय तापन." कुटार म्हणजे भुसा. मी म्हटले, जाळीतून हवा येते की. वेल्डरचा काहीही दोष नाही, त्याला कोणी बोलू नये. एकोणतीस तारखेला संध्याकाळी चौदाही झाडावरून उतरवून आत घातल्या आणि दाराला कुलूप लावले. कुलूप कशाला, तर नत्थुजी मुद्दाम दार उघडून कोंबड्या सोडेल आणि वर तक्रार करेल, असा माझा संशय होता. एवढा मी हुशार.

तीस तारखेला सकाळी एक घमेले पाणी आत ठेवून, किल्ली खिशात टाकून मी बाळापूरला गेलो. अकराला परतायचे होते. तहसीलीसमोर जुनी मंडळी भेटली. नवी पोरे 'अंभोरे काका, हे कसं लिहायचं' करू लागली आणि मी फुगलो. चहा झाला, परत चहा झाला. बारा चाळीसला फोन वाजला. नत्थुजीचे नाव. मी फोन सगळ्यांना दाखवला, "पाहा, आला आमचा तक्रारवाला," म्हणून हसलो आणि आवाज बंद केला. त्याने नऊ वेळा फोन केला. मी एकदाही उचलला नाही. त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर होता.

चार वाजता घरी पोचलो. लिंबाखाली ओल्या पोत्यावर अकरा कोंबड्या ओळीने ठेवल्या होत्या. पहिला ठाणेदार, म्हणजे तांबडा कोंबडा. चोची उघड्या, पंख पसरलेले. नत्थुजी बाजूला ओलाचिंब बसला होता, उजवा हात जाळीने फाटून रक्ताने माखला होता. मैनाबाई, त्याची बायको, तीन जित्या कोंबड्यांच्या चोचीत बोटाने थेंब थेंब पाणी सोडत होती. पिंजऱ्यातले घमेले उलटे पडलेले. तुटलेले कुलूप जमिनीवर.

मी पहिला शब्द काय बोललो ते लिहितो, म्हणजे वारसांना बाप कळेल. मी म्हणालो, "कुलूप कोणी तोडलं?"

नत्थुजी म्हणाला, "म्या तोडलं. करा अर्ज."

मग त्याचा आवाज फुटला. "बारा वाजल्यापासून तोंडं उघडून राह्यल्या होत्या जी. मी सब्बल घेऊन उभा होतो. घंटाभर उभा होतो पुंजाजी! फोन लावू लावू थकलो. जाळीतून पाणी मारलं, तं टिनाले लागून त्याची वाफ होये. कुलपाले हात लावला असता तं तुमी माह्यावर चोरीचा अर्ज केला असता का नाई? सांगा. केला असता का नाई?"

केला असता. चार पानांचा केला असता.

तो म्हणाला, "मी तक्रार सांबाराची केली होती. यायच्या जिवाची नोती केली."

मी तिथेच मातीत बसलो. एक तास. धडधाकट माणूस हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन एक तास थांबला, कारण त्याला माझ्या कागदाची भीती वाटली. वाघाची नाही, पोलिसाची नाही, माझ्या अक्षराची! त्या तासात किती मेल्या, हे मी विचारले नाही. विचारायची छाती नाही.

तेवढ्यात मैनाबाई बोलली. तिला वाटले मला ठाऊक असेल. "भाऊ, भोक बुजवलं तवा मले वाटलं तुमी दुसरी सोय केली असन. उन्हाळ्यात बारा वाजले का समद्या त्या भोकातून इकडे येत होत्या, आमच्या टाक्याखाली. तिथं ओल रायते. मी सांबारावर काट्या टाकू टाकू ठेवो, केशरबाई सांजच्याले दोन अंडे देये. आमचं दोघीचं तसंच चाले." किती वर्षांपासून, असे मी विचारले. म्हणाली, "तुमी घर बांधलं तवापासून."

बाप्पा! तीस-बत्तीस वर्षे रोज दुपारी माझ्या घरामागे एक करार चालू होता. त्यावर मुद्रांक नव्हता, साक्षीदार नव्हते आणि तो एकदाही मोडला नाही. मी दुपारी तहसीलीत असायचो, नत्थुजी वावरात. आम्हा दोघांनाही पत्ता नाही. तो करार मी दोन विटा आणि मूठभर सिमेंटने मोडला आणि वर त्याचा फोटो काढून पंचायतीला दिला.

कोणी म्हणेल, म्हातारा कोंबड्यांसाठी एवढा काय रडतो, सणावाराला खात नव्हता का? खात होतो. पुढेही खाईन की नाही, सांगता येत नाही. पण कापणे वेगळे आणि कुलूप लावून चहा पीत बसणे वेगळे. काल बुद्धपौर्णिमा होती. विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायला उभा राहिलो, आणि जीव न घेण्याचे ते पहिलेच शील माझ्या तोंडातून निघेना. बाजूच्या बायांना वाटले घसा बसला.

म्हणून लिहून ठेवतो. उरलेल्या तीन, म्हणजे मास्तरीण, एक लंगडी आणि एक तलंग, जी अजून अंड्यावर आलेली नाही, या कोणीही, कोणत्याही कारणाने कोंडू नयेत. वरूडलाही पाठवू नयेत. त्यांना त्यांचे झाड माहीत आहे, रस्ता माहीत आहे, त्यांच्याबद्दल मलाच काही माहीत नव्हते. माझ्या मृत्यूनंतर तिघींची मालकी नत्थुजी नामदेवराव ताथोड व मैनाबाई यांच्याकडे जावी. राहाव्या मात्र त्या आहेत तिथेच, लिंबावर. आणि माझ्या वारसांनी भिंतीतले भोक फोडून मोकळे करावे. घर विकले तरी ही अट खरेदीखतात घालावी.

कलम ५. पिंजरा मोडून भंगारात द्यावा. कुलूप फेकून दिले आहे. किल्ली माझ्याजवळ आहे, ती संघपालने ठेवावी. त्यालाही फोन न उचलण्याची खोड आहे. ती माझ्याकडूनच गेली असेल.

कलम ६. पंचायतीला दिलेल्या माझ्या तिन्ही उत्तरांच्या नकला कपाटात निळ्या फायलीत आहेत. त्या जाळाव्या. भाषा चांगली आहे म्हणून ठेवू नयेत.

कलम ७. माझ्या अंत्यविधीला भाचा विपुल याने भाषण करू नये. मामीच्या वेळी तो चाळीस मिनिटे बोलला आणि तिचे नाव कमलबाई सांगितले.

साक्षीदार म्हणून नत्थुजी ताथोड व शेजारच्या सत्यवती इंगळे यांना बोलावले आहे. मी काय केले ते नत्थुजीइतके कोणी पाहिलेले नाही.

शेरा. वरील मजकूर पहाटे लिहून झाला. सकाळी नत्थुजी आला, चष्मा लावून अक्षर न अक्षर वाचले आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला. "मी सही नाई करत," म्हणाला. तेव्हा माझी ट्यूब पेटली. ज्याला कागदातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. एक्केचाळीस वर्षे लोकांना शिकवला आणि स्वतःच्या कागदात विसरलो. मन स्थिर नाही म्हणालो, ते उगाच नव्हते. मी त्याला म्हटले, बरोबर आहे तुमचे, दुसरा साक्षीदार पाहतो.

तो म्हणाला, "साक्षीदाराचं नाई बोलून राह्यलो मी. तुमी मरेपर्यंत भोक बुजलेलंच ठेवता का? लिहून ठेवलं का झालं? आज काय ऊन कमी हाय?"

चार पानी उत्तरे देणारा मी उठलो आणि भिंतीपाशी गेलो. तो घरी जाऊन तीच सब्बल घेऊन आला. डाव्या हाताने त्याला जमेना, म्हणून अर्धे मी फोडले. दोनच विटा होत्या. मैनाबाईने पलीकडून सांबारावर काटेरी फांद्या टाकल्या. बाराच्या सुमारास मास्तरीण भोकापाशी आली, मान आत घालून बराच वेळ उभी राहिली आणि गेली. मागून तलंग गेली, मग लंगडी. मी भिंतीवरून वाकून पाहिले. तिघी टाक्याखाली ओल्या मातीत पोट टेकून बसल्या होत्या.

सबब कलम ४ मधील कोंबड्या मी आजच, जिवंतपणी, नत्थुजी व मैनाबाई यांना दिल्या आहेत. भोक मोकळे ठेवण्याची अट कायम. बाकी या मृत्युपत्रात आता एकही कोंबडी नाही. त्यामुळे नत्थुजीला यातून काहीच मिळत नाही आणि तो साक्ष करू शकतो. सही करण्याआधी त्याने विचारले, "फोन उचलसान नं आता?" मी हो म्हटले. पाच वाजता ज्वारी मी टाकणार आहे.

वाचून पाहिले, माझेच आहे, माझ्याच हातचे आहे.

ठिकाण : पळसखेडी, ता. बाळापूर
दिनांक : १३ मे २०२५

लिहून ठेवणार : पुंजाजी किसनजी अंभोरे (सही)

साक्षीदार :
१. सत्यवती भीमराव इंगळे, निवृत्त अंगणवाडी सेविका (सही)
२. नत्थुजी नामदेवराव ताथोड, शेती (सही)

टीप : साक्षीदार क्र. २ यांच्या उजव्या हाताची जखम भरलेली नसल्याने सही वाकडी आली आहे. सही त्यांचीच आहे. जखम माझ्या कुलपाची आहे.