गाडी तुझ्याकडे का आणली नाही

प्रिय राजू,

माझा फोन तू उचलत नाहीस आणि सुहासिनीच्या फोनवर केला तर मागून तुझाच आवाज येतो, घरात नाही म्हणून सांग. म्हणून लिहायला बसले. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा तुला एक पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हेच. अक्षर तेव्हाही कोंबडीचे पायच होते आणि आताही तेच आहेत, सांभाळून घे.

चामटोलीच्या हळदीत तू आकाशला काय बोललास ते त्यानं घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. तू सवयीनं आमच्या गाडीचं बॉनेट उघडलंस, आत उल्हासनगरच्या गॅरेजचा ऑइल बदलल्याचा स्टिकर बघितलास आणि सगळ्या भावकीसमोर म्हणालास, तुझ्या आईला सांग, आजपासून तिला भाऊ नाही. तो एवढा बाप्या झालेला पोरगा, जेवण न करता निघून आला आणि इथे येऊन ढसाढसा रडला. मग माझ्यावर ओरडला. मामाचं चार माणसांत नाक कापलंस म्हणाला. साधं ऑइल तर बदलायचं होतं, घरचं गॅरेज सोडून उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये परक्या माणसाकडे कशाला मरायला गेलीस, विचारत होता. मी भाकऱ्या थापत राहिले. त्याचं काही चुकलं नाही आणि तुझाही राग मला कळतो. आपल्यात घरचा माणूस असताना बाहेर जाणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणंच. पण मी का गेले ते तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही. ते ऐक, आणि मग ठरव ही बहीण ठेवायची की टाकायची.

तुझ्या गॅरेजवर माझा तुझ्याइतकाच जीव आहे रे. बाच्या पाण्याच्या पंपाचे नट खोलून तू पडवीत मांडून बसायचास आणि आय हातात केरसुणी घेऊन मागे लागायची, तेव्हा तुला पाठीशी घालायला मीच असायचे. पुढे बाकीचे मेकॅनिक काटा बघून बोल्ट आवळायचा पाना वापरायला लागले तेव्हा तू हसायचास. ज्याचा हात मठ्ठ त्याला काटा लागतो, मला हाताला कळतं, असं म्हणायचास. आणि खरंच कळायचं. कैलास तर तुझ्यावर फिदाच होता. अंबरनाथहून चामटोलीपर्यंत वाटेत किती गॅरेजं सोडून यायचा, नुसतं ऑइल बदलायला! मी म्हणायचे, जाण्यायेण्यातच तेवढं पेट्रोल जळतं. तर म्हणायचा, बाहेरचे डब्यात काय भरतात कुणाला माहीत, मेव्हणा आहे तोवर मला घोर नाही. तुझ्या बाकड्यावर बसून तुम्ही दोघं चहा प्यायचात, तू त्याला दाजी दाजी करून चिडवायचास आणि स्वारी संध्याकाळी खुशीत घरी यायची. ते दिवस मी विसरलेले नाही.

तो गेल्यावर गाडी दुरुस्त होऊन आली आणि आकाशनं कंपनीच्या माणसांची ने-आण सुरू केली. घर आता त्या गाडीवरच चाललंय. ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा तो तुझ्याकडेच निघाला होता. मी म्हटलं, थांब, या वेळी मी बघते. त्याला वाटलं, आईचं डोकं फिरलं. मला गाडीतलं काय कळतं! मला फक्त एवढंच बघायचं होतं, की ऑइल काढायला खोलतात तो खालचा बोल्ट कोण आवळतो आणि तो नीट आवळला की नाही हे कोण बघतो. हेच मी सगळीकडे विचारत फिरले.

पहिल्यांदा आमच्या शिवमंदिराकडच्या एका गॅरेजात गेले. बाई एकटी आलीय म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. ऑइल राहिलं बाजूला, ब्रेक गेले, क्लच गेला, हे गेलं आणि ते गेलं. अरे, आकाश कालच चालवून आला होता! तिथून निघाले ती एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे काय थाट, गार हवा, सोफा, कॉफीचं मशीन. किल्ली घेतली आणि मला काचेच्या अलीकडे बसवलं, पलीकडे जायला बंदी. मी विचारलं, बोल्ट कोण आवळणार, आणि मागून कोण बघणार? काउंटरवरची मुलगी गोड हसली, म्हणाली, मॅडम सगळं सिस्टीममध्ये असतं. मी किल्ली परत मागून घेतली. लोक बघत राहिले, बघेनात का.

मी जीन्सचं काम करते ते तुला माहीत आहेच. आधी घरी धागे कापायचे, आता कॅम्प तीनच्या कारखान्यात चेकिंगला बसते. आमच्याकडे जी शिवते तिनं स्वतःचं काम तपासायचं नाही, असा नियम आहे. कितीही हातखंडा असो, तिची पँट दुसरीच्या हाताखालून जाणार. मी परत पाठवली तर एखादी तोंड वाकडं करते, पण दुपारी डबा माझ्याच शेजारी बसून खाते. तर त्याच गल्लीच्या टोकाला दोन सिंधी भावांचं गॅरेज आहे. येताजाता रिक्षातून दिसायचं, कधी लक्ष दिलं नव्हतं. थोरला टेकचंद, केस पांढरे झालेला. त्यानं माझ्यासमोर नव्या डब्याचं सील तोडलं, जुनं ऑइल काढलं, बोल्ट लावून आवळला आणि हात पुसत बाजूला झाला. मग धाकटा आला. तो गाडीखाली आडवा झाला, त्यानं आपला पाना लावून तोच बोल्ट पुन्हा बघितला आणि वरून पिवळ्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते म्हणे. मी माझ्या मोडक्या हिंदीत थोरल्याला विचारलं, भाई को आप पे भरोसा नहीं क्या? तो म्हणाला, दीदी, आदमी थक जाता है, उमर होती है, और घर में भी तो टेन्शन रहता है. धाकट्याला आजवर त्याचे बोल्ट सैल सापडलेत का, तेही विचारलं. हो, सापडलेत की, थोरलाच म्हणाला, आणि हसला. त्याला काडीचीही लाज वाटली नाही. राजू, मी तिथून बाहेर आले आणि समोरच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडले. दुकानदारानं पाणी आणून दिलं, त्याला वाटलं ऊन लागलं.

स्टिकरवरचा राग काढून झाला असेल तर मी का रडले ते आता सांगते.

कैलासच्या दहाव्याचा दिवस आठव. घरात माणसं भरलेली, चुलीवर चहाचं मोठं पातेलं उकळत होतं आणि तू ते फडकं न घेता दोन्ही हातांनी उचललंस. उचलून चालत चालत मांडवात नेलंस. बायका म्हणाल्या, बिचारा दुःखानं वेडा झालाय. मी तुझ्यामागून आले. पातेलं ठेवून तू कुणाशीतरी बोलत उभा होतास, तळहात लाल झाले होते आणि बोटांवर फोड येत होते. तुला पत्ता नव्हता. तू ते हात बघितलेसुद्धा नाहीस. मला एकदम बा दिसला. चपलेतून वर आलेला खिळा पायात घेऊन तो दिवसभर शेतात फिरला होता, आणि संध्याकाळी आपण दोघांनी त्याच्या चपलेतलं रक्त बघितलं होतं. साखरेनं त्याचे पाय मेले होते. तुझे हात मेलेत, राजू. सुहासिनी तुझ्या शर्टाची बटणं लावते ते मी त्याआधी एका लग्नाच्या मांडवात बघितलं होतं आणि मनात हसले होते, नवऱ्याचे काय लाड म्हणून. साखरेच्या गोळ्या तू घेत नाहीस, डॉक्टरकडे जात नाहीस, आणि तुझं ते हाताला कळतं अजून चालूच आहे.

कैलासनं तुझ्याकडे ऑइल बदललं त्याच आठवड्यात तो बारवी धरणाच्या रस्त्यावर थांबला. गाडीतलं सगळं ऑइल वाहून गेलं होतं आणि इंजिन जाम झालं होतं. गळतंय कुठून ते बघायला तो खाली वाकला, पाय रस्त्यात होते, आणि वळणावरून डंपर आला. तू सगळ्यांना सांगितलंस, खराब रस्ता, दगड उडाला, खालचा ऑइलचा चेंबर फुटला. सगळ्यांना पटलं. माझ्या सासूबाई अजून त्या दगडाला शिव्या देतात. पण गाडी टोचन करून अंबरनाथला आणली तेव्हा मी तिथे गेले होते. त्याच्या सीटवरचा पंचा तेवढा आणायचा होता. गाडी वर उचललेली होती. चेंबरला कुठे साधा चरा नव्हता. आटे शाबूत होते. बोल्ट जिथे असतो तिथे नुसतं भोक होतं, आणि त्या मेकॅनिकनं मला टॉर्च धरून ते दाखवलं. म्हणाला, ताई, हा बोल्ट तुटला नाही, गळून पडलाय. मी त्याला म्हटलं, कुणाला बोलू नका. पंचा घेतला आणि घरी आले.

तू मुद्दाम काही केलंस असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. देवाशप्पथ. तो तुझा जीव की प्राण होता. तू घट्ट आवळलास असंच तुला वाटलं असणार, बोटांनी तुला खोटं सांगितलं. पण तुला नंतर कळलंय, हेही मला कळतं. नाहीतर तू आता बोल्ट एवढे का पिळतोस? ऋतिका परवा सहज बोलून गेली, हल्ली बाबांच्या हातून बोल्टांचे सारखे आटे जातात, गिऱ्हाईकं भांडतात. तिला बिचारीला वाटतं, माल हलका येतो. तुला सैल कळत नाही तसं घट्टही कळत नाही. कैलास गेल्यापासून तू माझ्या डोळ्यांत बघून बोललेला नाहीस. चिडायला तुला तो स्टिकर बरा सापडला.

त्या गाडीत आता माझा पोरगा बसतो. म्हणून ती तुझ्याकडे आणली नाही. भाऊ गेला तरी चालेल असं ठरवून मी कॅम्पात गेले होते, आणि तेवढ्यावर मी गप्पही बसले असते. आयच्या डोळ्यांदेखत तुझी लक्तरं वेशीवर टांगायची मला हौस नाही. तुझ्या घरात चूल त्या गॅरेजवर पेटते आणि ऋतिकाचं कॉलेज चालू आहे, हे मला दिसतं.

पण काल सुहासिनीचा फोन आला. तुझं भांडण बाजूला ठेवून तिनं केला, एवढी ती आनंदात होती. बदलापूरच्या कोंडाजीच्या शाळेच्या सगळ्या व्हॅन जूनपासून तुझ्याकडे येणार, ऑइल काय, ब्रेक काय, चाकं काय, सगळं तूच बघणार. ती पेढे पाठवते म्हणाली. मला तिला शुभेच्छाही देता येईनात. राजू, त्या व्हॅनमध्ये पोरं एकमेकांच्या मांडीवर बसून जातात रे. हे पत्र त्यासाठी आहे. पाना खाली ठेव. हाताखाली माणूस ठेव, तू नुसता खुर्चीत बसून सांग, डॉक्टरकडे मी तुझ्याबरोबर येते, त्या माणसाचा पगार मी चेकिंगच्या पैशातून देते, काय हवं ते करते. पण त्या गाड्यांना तुझा हात लागता कामा नये. शाळा उघडायच्या आत तू स्वतः कोंडाजीला खरं काय ते सांग. नाहीतर मी जाईन. त्याच्या दारात उभी राहून सांगेन की माझा नवरा दगडानं गेला नाही, आणि मग ते गावभर होईल. आकाशला मी अजून काही सांगितलेलं नाही. अजूनही तो तुझ्या बाजूनं माझ्याशी भांडतो. त्याचा बाप तर गेलाच. मामा माझ्या तोंडानं जाऊ नये, एवढं बघ.

तू नाही म्हणालास तरी तुझीच थोरली,
संजीवनी