वाढत्या अंगाची गादी

१ जून, रविवार
ठरलं. मनू यंदा पहिलीत जाते आहे. सोळा तारखेला शाळा सुरू. त्या रात्रीपासून ती तिच्या स्वतःच्या बेडवर झोपेल आणि मी माझ्या.
दीड वर्ष झालं, मी हॉलमध्ये खाली गादी टाकून झोपतो. आत डबल बेडवर नूपुर आणि मनू. मनू झोपेत आडवी होते, लाथा मारते, तुझी झोपमोड होईल, असं नूपुर तेव्हा म्हणाली होती. बायकोला नवऱ्याच्या झोपेची एवढी काळजी म्हटल्यावर मी मुकाट्याने उशी उचलली. व्यवस्था तात्पुरती होती.
अर्थात प्रश्न माझ्या झोपेचा नाहीच. मुलीच्या स्वावलंबनाचा आहे. नूपुरला तसं सांगितलं. ती म्हणाली, घाई काय आहे. आईचं मन, दुसरं काय. पण मी ठाम.

२ जून, सोमवार
रात्री पुन्हा आप्पांच्या घोरण्याने जाग आली. बघतो तर आप्पा शेजारच्या दिवाणावर भिंतीला टेकून बसलेले, डोळे टक्क उघडे. बसून, जागेपणी घोरणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. पण वडील आहेत. बोलणार काय? कूस बदलली.
लंच टाइममध्ये मॅट्रेस साइझवर रिसर्च. विषय खोल आहे. बाहत्तर बाय छत्तीस, पंचाहत्तर बाय छत्तीस, अठ्ठ्याहत्तर बाय छत्तीस, शिवाय लहान मुलांचं सहासष्ट बाय तीस वेगळंच. लोक डोळे मिटून गादी विकत घेतात आणि मग रडतात. मी इन्शुरन्स कंपनीत क्लेम्सला आहे. लोकांच्या चुका तपासण्यात हयात गेली.

४ जून, बुधवार
मनूला भिंतीला उभं करून मोजलं. चव्वेचाळीस इंच. हलत होती, त्यामुळे एखादा इंच इकडेतिकडे.
मग बेडरूमची भिंत. खिडकीपासून दाराच्या चौकटीपर्यंत ऐंशी इंच. मध्ये दाराची फळी येत होती म्हणून ती उघडून मागे ढकलून ठेवली, मग टेप अगदी सरळ बसला. दुसरं टोक आप्पांनी धरलं होतं. ते दाराबद्दल काहीतरी म्हणत होते. त्यांना म्हटलं, एका वेळी एकच माप घेऊ या. आप्पा गप्प झाले. हल्ली ते लवकर गप्प होतात. झोप पुरत नसावी.

७ जून, शनिवार
दादरला युनिफॉर्म घ्यायला गेलो. नूपुरने मनूला दोन साइझ मोठा पिनाफोर घेतला, खाली चार बोटं दुमड घालायची. बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस.
तिथेच डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या घराण्यात कोणी कधी स्वतःच्या मापाचं काही घातलेलं नाही. दहावीपर्यंत माझी प्रत्येक पँट पुढच्या वर्षाची होती. मग गादीच तेवढी आजच्या मापाची का? गादीसुद्धा वाढत्या अंगाचीच घ्यायची. अठ्ठ्याहत्तर बाय छत्तीस. एकदाच. लग्नापर्यंत बघायला नको.
नूपुरला सांगितलं. ती म्हणाली, गादीला दुमड घालता येत नाही, बाहत्तरची घे. तिला लाँग टर्म विचार करायची सवय नाही.

८ जून, रविवार
लालबागच्या दुकानात कॉट आणि गादी दोन्ही मिळाली. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? मुलीसाठी म्हटलं. वय सांगितलं. मग त्याने माझी उंची विचारली. पाच फूट पाच म्हटलं. यावर त्याने पेन खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. ग्राहक एवढा पुढचा विचार करतो हे त्याला नवीन असावं.
गादी पडून बघितल्याशिवाय घेऊ नये असं वाचलं होतं, म्हणून पडून बघितलं. नूपुरने हलवून उठवलं तेव्हा बाजूला काही गिऱ्हाइकं उभी राहून माझ्याकडेच बघत होती. त्यांतली एक बाई हसत होती. गादीच्या दर्जाबद्दल त्यांची खात्री पटली असणार. दुकानात मला झोप लागू शकते, तर घरी का नाही?
एकदा माप सांगितलं की गादी परत घेत नाहीत. मी म्हटलं, परत करायची वेळच येणार नाही.

११ जून, बुधवार
शेजारच्या मीनाक्षीकाकूंनी जिन्यात गाठून विचारलं, रात्री तुमच्या बाजूने पाण्याचा पंप चालू असतो का रे? दीड-दोन वर्षं ऐकतेय. मी म्हटलं, मलाही मध्येच जाग येते. सेक्रेटरी शामरावांना लगेच फोन लावला आणि पंपाची तक्रार नोंदवली. या सोसायटीत मी नसतो तर काय झालं असतं कोण जाणे.

१३ जून, शुक्रवार
आप्पा फणसवाडीत आत्याकडे राहायला गेले. हवापालट म्हणून. मुंबईतल्या मुंबईत, प्रभादेवीहून फणसवाडीला हवेत असा काय पालट होणार? आत्याने बोलावलंही नव्हतं, यांनीच फोन केला. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, शंतनू, तू बाबा शांत झोप. डोळे भरून आले. निदान काही दिवस घोरणं ऐकावं लागणार नाही हेही खरं.

१५ जून, रविवार
कॉट आली. गादी आली. भिंतीला कशी तंतोतंत बसली. मनूने आधी उड्या मारल्या, मग आडवी झाली आणि म्हणाली, पायाकडे खूप जागा आहे, तिथे खालच्या मजल्यावरची अक्षता झोपू शकेल.
एक किरकोळ बाब. बेडरूमचं दार आता लागत नाही. कॉटचा पाय नेमका दाराच्या वाटेत येतो. बाहत्तरची घेतली असती तर लागलं असतं, असं नूपुर म्हणाली. मी म्हटलं, दार लावायचंय कशाला? घरात परकं कोण आहे?
नूपुर बराच वेळ त्या दाराकडे बघत उभी होती.

१६ जून, सोमवार, रात्र
आजचा दिवस. मनू शाळेत जाऊन आली, रडली नाही. जेवली, दात घासले, स्वतःच्या बेडवर चढली आणि गोष्टसुद्धा न ऐकता झोपली. सगळं प्लॅनप्रमाणे.
मी नवा नाइट सूट घातला आहे. डबल बेडची डावी बाजू. दीड वर्षाने या बाजूने पंखा दिसतोय. नूपुर शेजारी वाचते आहे. बरं वाटतंय. खरं सांगायचं तर फार बरं वाटतंय. तिला तसं सांगितलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, मी आधी झोपते हं, तू थोडा वेळ थांब.

१७ जून, मंगळवार, सकाळ
सलग, गाढ झोप. उठलो तर खोलीत कोणी नाही. नूपुर आणि मनू बाहेर हॉलमध्ये माझ्या जुन्या गादीवर, डोक्यावर उशा घेऊन झोपलेल्या. मनू नव्या जागेला बिचकली असणार आणि नूपुर तिच्या सोबतीला गेली असणार. दोन दिवसांत रुळेल. मुलांच्या संगोपनावरच्या पुस्तकातही तसंच म्हटलंय.

१८ जून, बुधवार
रुळली नाही. आजही दोघी बाहेर.
चहाच्या वेळी मनूला समजावलं की घाबरायचं नसतं. ती म्हणाली, मी नाही घाबरले, बाबा, तू किती मोठ्ठा आवाज करतोस.
मग नूपुर बोलली. शांतपणेच बोलली, तेच जास्त लागलं. मनू कधीच लाथा मारत नव्हती. तुला वाईट वाटू नये म्हणून तिचं नाव पुढे केलं. दार बंद केलं की निभायचं. आता दारही लागत नाही, म्हणून दोघी बाहेर आलो, तर आवाज बाहेरही येतो.
मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकवलं. ऑडिओ क्वालिटी सुमार. आवाज कोणाचाही असू शकतो. मी म्हटलं, आप्पांचा असेल. ती म्हणाली, आप्पा फणसवाडीत आहेत.
या मुद्द्यावर विचार करतो असं सांगून ऑफिसला निघालो.

१९ जून, गुरुवार
आप्पांना फोन केला. दीड वर्ष तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, असं म्हटलं. ते म्हणाले, अरे, दिवसभर राबून येतोस, कसं उठवायचं? मग म्हणाले, इथली हवा मानवली आहे, दिवाळीपर्यंत राहीन म्हणतो.
वाईट वाटलं. घोरण्याचं नव्हे, ते अजून सिद्ध व्हायचं आहे. तीन माणसं मला कळू न देता जपत होती आणि मी मापं घेत फिरत होतो, याचं वाटलं. उद्यापासून प्राणायाम, रात्रीचा भात बंद.

२१ जून, शनिवार, रात्र
प्राणायाम सोमवारपासून. भात आज होता.
संध्याकाळी नूपुरने आणि मी कॉट हॉलमध्ये आणली, आप्पांच्या दिवाणाच्या जागी. दिवाण गॅलरीत उभा केला. बेडरूमचं दार पुन्हा छान लागतं. मनू तिच्या आईकडे आत गेली, डबल बेडवर, डाव्या बाजूला. तिने स्वतःच्या बेडसाठी हट्ट केला नाही. म्हणाली, मला तसाही तो मोठा होत होता.
मी आडवा होऊन बघितलं. पाय पुरतात. फुलपाखरांची चादर आहे, उद्या बदलू.
नूपुर दार लावायला आली तेव्हा तिच्यामागून मनू बाहेर आली आणि कॉटशी उभी राहून तिने विचारलं, बाबा, तुला एकट्याला भीती वाटेल का? दिवा चालू ठेवू?
म्हटलं, ठेव.