परातीतली दोन वर्तुळं

बाई, आज वर्गात सशर्त संभाव्यता शिकवली आणि दिवसभर तुम्हीच डोळ्यांपुढे होतात. बारावीला मी तुम्हाला काय छळलं! वेन आकृतीतली दोन वर्तुळं एकमेकांत शिरलेली बघून मी म्हणाले होते, "बाई, मेंढरं कोंडायची दोन वाडगी अशी एकमेकांत घुसत न्हाईत की. भांडणं हुतील." तुम्ही पोट धरून हसलात. "अगं, वाडगी नव्हेत ती. कळप एकच. ह्या वर्तुळात काळी मेंढरं, त्या वर्तुळात शिंगांची. मधे कोण?" काळी आणि शिंगांची, तेवढं जमलं. पण मेंढरू काळं असेल तर त्याला शिंगं असण्याची शक्यता किती, असं विचारलंत की मी मधल्या आकड्याला अख्ख्या कळपानं भागायची. "काळं आहे म्हणून सांगितलंय ना? मग पांढरी कशाला मोजतेस?" असं ओरडून तुम्ही काळ्यांच्या वर्तुळाबाहेरचं सगळं पुसून टाकायचात.

परीक्षेच्या तोंडावर आप्पा नातेपुत्याहून मला न्यायला आले. स्थळ आलं होतं. नव्या पेठेमागच्या तुमच्या घरी, जिथं तुम्ही मला ठेवून घेतलं होतं, आप्पा स्वयंपाकघरात पाटावर बसलेत, तुम्ही भाकरी थापताय, मी दाराआड. "आमच्याकडच्या पोरी गणितात नापासच हुत्यात, बाई. कशाला वरीस घालवायचं?" तुम्ही परातीत पीठ पसरून बोटानं दोन वर्तुळं काढलीत. "हे सगळं पीठ म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या मुली. ह्या वर्तुळात पास होणाऱ्या. ह्या वर्तुळात माझ्या घरी राहून रोज गणितं सोडवणाऱ्या." मग त्या दुसऱ्या वर्तुळाबाहेरचं पीठ हातानं सारलंत. "तुमची लेक ह्यातली. आता ह्यातल्याच किती पास झाल्या ते विचारा."

"किती झाल्या?"

तुम्ही तव्याकडे वळलात. "ही पहिलीच आहे."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तुमी लई चतुर, बाई. ऱ्हाऊ द्या तिला परीक्षा हुईस्तवर."

मी पास झाले, पेढे तुम्ही वाटलेत, आणि पुढे मी गणितच शिकवायला लागले. तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तरी एक सांगते. "ही पहिलीच आहे" म्हणताना तुम्ही आप्पांची नजर चुकवून तव्याकडे वळला होतात. आप्पांना ते कळलं नाही, मला कळलं. माझी निम्मी गणितं तेव्हाही चुकत होती, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यानंतर मी जो अभ्यास केला, तो पास होण्यासाठी नव्हता, बाई. आप्पांपुढे तुम्ही खोट्या पडू नये, एवढ्यासाठीच होता.